गोदीतले भावजी

माझ्या थोरल्या दिरांइतका जहाजवेडा माणूस समुद्रावरही सापडायचा नाही, आणि तंजावरात तर समुद्रच नाही. विमानं उतरतात त्या मोठ्या जहाजावर त्यांनी अर्धं आयुष्य इंजिनं उघडण्यात घालवलं. निवृत्त होऊन घरी आले ते एकच नियम घेऊन. जेवताना तीन टंबलर ओळीत मांडून सांगत, "हे गस्तीवर, हे सरावाला, हे गोदीत दुरुस्तीला. गस्तीवरचं थकून आलं की गोदीत जातं, गोदीतलं सरावाला निघतं, सराव झालेलं गस्तीवर. एकच जहाज असलं, तर ते गोदीत गेल्यावर देशाजवळ काय उरलं?" मग गोदीतलं टंबलर उचलून पाणी पिऊन टाकत.

आम्ही तिघी जावा घरी दोशाचं पीठ वाटून विकतो. ग्राइंडर एकच होता. भावजींनी तीन केले. एक पीठ वाटे, दुसरा नुसत्या पाण्यावर फिरे, तिसरा कापडावर सुटा होऊन पडे. दिवाळीच्या आदल्या दिवशी दारात डबे घेऊन रांग, तरी तिसऱ्याला हात लावू देईनात.

"भावजी, आजच्या दिवस तरी जोडा हो," मधली म्हणाली.

"लढाई आली की गोदीतलं अर्धं जहाज ओढून नेतात का? सांग मला."

"अय्यो! लढाई कसली? दोशे आहेत."

पुढे ग्राइंडर झाले, मग आमची पाळी आली. पाटीवर मराठीत तीन रकाने, त्यांत आमची नावं. एकीने वाटायचं, एकीने निवडायचं-भिजवायचं, तिसरीने आठवडाभर काही करायचं नाही. मला बसायची लाज वाटे. माझं मनगट सुजलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुपचूप उडीद भिजवायला उठले, तर दारात भावजी. "घागर डाव्या हाताने उचलतेस, ते मला दिसत नाही होय? बस खाली." मग म्हणाले, "तुझ्या थोरल्या जाऊला कधी गोदी मिळाली नाही. मी जहाजावर होतो." थोरल्या जाऊबाई गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल भावजी एवढंच बोलले, तेही एकदाच.

पुढे त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. पायाशी पडलेला स्क्रू ते घरभर शोधत. डॉक्टरांचं नाव काढलं की, "माझी गस्त संपायची आहे." उशीर केला तर नजर जाईल, असं त्यांची लेक कोइंबतूरहून फोनवर रडून सांगे. समोर बोलायचं माझ्याने होईना. एका सकाळी पाटीवर, दुरुस्तीच्या रकान्यात, मी त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी पाटी नाकाला लावून वाचली. "हे कुणाचं अक्षर?"

धाकटी हसली. मी आत गेले.

"अक्षर वाकडं आहे," ते बाहेरून म्हणाले, "पण हुकूम बरोबर आहे."

त्याच आठवड्यात लेकीकडे गेले. डोळे नीट झाले, पण लेक आता परत पाठवत नाही. फोनवर विचारतात, "तिसरा उघडला का?" आम्ही हो म्हणतो. इथे तिन्ही एकदम फिरत असतात.

परवा धाकटी हिशेब लिहायला म्हणून पाटी पुसायला निघाली. बाकीचं सगळं कधीच पुसून गेलंय, तेवढं त्यांचं नाव आहे.

"राहू दे," मी म्हटलं. "गोदीत आहेत."