पिल्लावरली मरळ

बाबा तळ्याच्या काठावर बसत, मनगटापर्यंत हात पाण्यात घालत आणि सांगून टाकत, "आज नाई लागत. पाणी गार हाय, मासा बुडाशी बसला." मी मोबाईलवर हवामान बघून वाद घालायची. दरवेळी बाबाच खरे ठरायचे आणि मला त्याचा राग यायचा.

त्या श्रावणात तर त्यांचं खरं ठरणं सोसवत नव्हतं. डॉक्टरांनी मायला घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणून मी बल्लारपूरहून येऊन राहिले होते. तिला अन्न जात नव्हतं. मागणं एकच, मरळीचा रस्सा. बाजारातली बर्फातली मरळ आणली, तर वासानंच तिला उमळून आलं. आणि दहा दिवस बाबांच्या गरीला बोटभर मासोळीही लागली नव्हती.

गवताजवळ मात्र पाण्यावर रोज एक तांबडा डाग हलायचा. ती मरळीची पिल्लं. थव्यानं वर येतात आणि खाली मरळ राखण करते. त्या दिवसांत ती भुकेनं नाही, रागानं गरी धरते. पिल्लांजवळ काहीही पडू दे, झडप घालणारच. कुणालाही सापडेल. म्हणूनच आमच्यात पिल्लावरली मरळ कुणी धरत नाही.

"मायसाठी एकच, बाबा," मी म्हटलं.

"पिल्लावरली नाई." सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही!

मी चिडलेच. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर त्यांचीच काठी उचलली, गरीला बेडकी लावली. पहिल्याच फेकीला मरळ लागली. बाबांनी ती चुलीपाशी पाहिली आणि बाहेर जाऊन बसले.

मायनं दोन घोट घेतले. "कुठी भेटली व?"

"तळ्यात."

"दहा दिस तुया बाबाले नाई भेटली."

चोराच्या मनात चांदणं. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

"केवढाली होती पिल्लं?"

मला रडूच फुटलं. मी बोटाचं पेर दाखवलं.

"मंग जगतीन," ती म्हणाली आणि वाटी रिकामी केली.

दुसऱ्या सकाळी तळ्यावर गेले. तांबडा डाग नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरून सगळं गवत धुंडाळलं. घरी आले तर मायनं विचारलं, "हायेत का?"

"हायेत," मी म्हटलं.

मग ती रोज विचारायची. मी रोज तळ्यावर जाऊन यायची आणि रोज "हायेत" म्हणायची. ते ऐकलं की ती माझा हात थोपटायची. तिनं चाळीस वर्षं मासे विकले होते. पेराएवढी पिल्लं आईवाचून दोन दिवसही टिकत नाहीत, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

आठव्या सकाळी मी तळ्यावरून आले, तेव्हा तिनं विचारलं नाही.