डावी करंगळी

माझे स्नायू माझं ऐकत नाहीत, हे पहिल्यांदा माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत एका रविवारी मी पाय पसरून पेपर वाचत बसले होते. तो म्हणाला, "तुझी पोटरी हलतेय." मी म्हटलं, "मी हलवत नाहीये." तो म्हणाला, "म्हणूनच सांगितलं." मग त्याने माझ्या हातातल्या पेपरचं आतलं पान काढून घेतलं आणि वाचायला लागला.

त्याआधी वर्षभर मी सकाळी भिंत धरून उठत होते. पाठ, मान, पोटऱ्या, सगळं रात्रभरात आखडून जायचं. पहिली पाच मिनिटं मी स्वयंपाकघरापर्यंत अशी चालायचे की सासूबाई नुसत्या बघत राहायच्या. त्या रविवारनंतर दिवसभर अंगात कुठे ना कुठे काहीतरी उडतंय, हे मलाही जाणवायला लागलं. कधी पापणी, कधी मांडी, कधी दंड. सगळ्यात जास्त डाव्या हाताची करंगळी. डावा डोळा लवला तर बायकांना शुभ असतं, असं सासूबाईंनी सांगितलं. पोटरी आणि करंगळी उडाल्यावर काय होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग तिळाचं तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, रोज दोन केळी झाली. शेजारच्या काकूंनी चार वेळा माझ्यावर हात धरून काहीतरी लहरी सोडल्या. त्या वेळेपुरती मला झोप लागायची, बाकी काही नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटरीत आणि हातात सुया खुपसल्या, मशीनवर उमटणाऱ्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, "याने तुम्ही मरणार नाही." मी विचारलं, "मग बरी होईन का?" ते म्हणाले, "तसं मी म्हटलं नाही." चहा कमी करा, झोप वाढवा, रोज स्नायू ताणायचे व्यायाम करा आणि फार लक्ष देऊ नका, एवढं त्यांनी लिहून दिलं. शेवटची गोष्ट मला आजतागायत नीट जमलेली नाही.

मी कात्रजच्या बाजूला पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होते. टाइपरायटरवर या दुखण्याचा काहीच त्रास नव्हता, हे मला नंतर कळलं. टाइपरायटरची कळ खोलवर दाबावी लागते, तिला चांगला जोर लागतो. करंगळी उडून उडून थकायची, कळ ढिम्म हलायची नाही. बारा वर्षांत माझ्या पत्रांत खाडाखोड नव्हती. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते. दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुकांवर मी लाल पेन्सिलीने गोल करायचे, न सांगता.

मग बाजार खुला झाला, साहेबांना परदेशी गिऱ्हाइकं दिसायला लागली आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, तिला एसी लावला. आम्ही माणसं पंख्याखाली बसत होतो. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, बाहेर नारळ फोडला आणि चपला काढून आत जायचं असा नियम झाला. पाठोपाठ दुसरा नियम आला. पुढे सगळा पत्रव्यवहार कॉम्प्युटरवर होणार, त्यासाठी एकच ऑपरेटर ठेवणार. जागा कायमची. ज्याला ती मिळणार नाही, त्याने आवक-जावक विभागात पाकिटं चिकटवायची.

जागेसाठी आम्ही दोघीच होतो. दुसरी एक मुलगी, बावीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स करून कंत्राटावर लागलेली. तिची बोटं इतकी हलकी चालायची की ती टाइप करतेय की धूळ झटकतेय, कळायचं नाही. कायम झाले तर संध्याकाळच्या कॉलेजची फी स्वतः भरेन, असं तिने मला डबा खाताना सांगितलं होतं. मला ती आवडायची. तिच्या वेगाचा रागही यायचा.

कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा 'डिअर सर'च्या आधी अकरा वेळा 'ए' उमटला. डाव्या करंगळीखाली तीच कळ असते. पत्राच्या मधेही, शब्द कुठलाही असो, 'ए' हजर. इतकी वर्षं माझ्या बोटात जे गुपचूप चाललं होतं, ते आता पडद्यावर सगळ्यांना वाचता येत होतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना गोल केल्यावर मी पाकिटं चिकटवणार होते, आणि का, ते मला सांगता येणार नव्हतं. ऑफिसात मी दुखण्याचा शब्द काढला नव्हता. बाईला कसलं दुखणं आहे म्हटल्यावर पुढची वाक्यं मला पाठ होती.

महिन्याने परीक्षा होती. एक पानाचं पत्र, पंधरा मिनिटं, ज्याच्या चुका कमी त्याला जागा. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक पूजेच्या दिवसापासून कपाटावर पडून होतं. त्यावर वाळलेलं फूलही होतं. मी फूल बाजूला ठेवून पुस्तक वाचायला घेतलं, कारण बाकी काही सुचत नव्हतं. पाच-सहा दिवसांनी मला हवं ते सापडलं. ज्यांचे हात थरथरतात अशा लोकांसाठी आत एक सोय होती. ती चालू केली की कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटतच नाही. नुसता धक्का लागला तर मशीन दुर्लक्ष करतं. डॉक्टरांनी मला सांगितलेलं काम मशीनला जमत होतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी ती सोय चालू करायचे, एकेक कळ दारावरच्या घंटीसारखी दाबत सराव करायचे आणि उठताना बंद करायचे. सोय चालू असली की पडद्याच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसायचं. एकदा हिशेबनिसांनी ते बघितलं आणि हे आपल्या हजेरीसाठी बसवलंय, असं सगळ्यांना सांगितलं. आठवडाभर लोक वेळेवर आले.

परीक्षेच्या दिवशी माझा नंबर पहिला होता. मी सोय चालू केली आणि पत्र पूर्ण केलं. दोन चुका. करंगळी सगळा वेळ उडत होती आणि पडद्यावर तिचा मागमूस नव्हता. ती सोय बंद करून उठायचं, असं मी ठरवलं होतं. पण साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "उठा बाई, तिला बसू द्या," ते म्हणाले. मी उठले.

मुलगी बसली आणि नेहमीसारखी हलक्या हाताने सुरू झाली. पडद्यावर चार-दोन अक्षरं आली, मधे अंगठ्याने दाबलेल्या नुसत्या फटी. तिने खोडलं, पुन्हा मारलं, तेच. ती वळून म्हणाली, "सर, काल तर चालत होतं." साहेब म्हणाले, "काल परीक्षा नव्हती." तिचे कान लाल झाले. तिने बोटं अजून भराभर चालवली, म्हणजे अक्षरं अजून गळाली. मी काचेला टेकून उभी होते. कोपऱ्यातलं ते घड्याळ मला तिथून स्वच्छ दिसत होतं. "साहेब, एक मिनिट," एवढंच म्हणायचं होतं. पंधरा मिनिटांत ते म्हणायला मला बराच वेळ होता.

पानभर फटी हातात धरून साहेब म्हणाले, "क्लासवाले काही शिकवत नाहीत. शेवटी जुनी माणसं ती जुनी माणसं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मुलीने आवक-जावकमध्ये महिना काढला आणि कंपनी सोडली. मी त्या खुर्चीवर निवृत्त होईपर्यंत बसले. मशीनं बदलली, प्रत्येक नव्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी ती सोय चालू केली. मला लाज वाटायची. रोज नाही, पण वाटायची.

निवृत्तीनंतर आखडणं वाढलं, म्हणून मी पेठेतल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायला लागले. मागच्या वर्षी तिथे शेजारच्या पलंगावर पन्नाशीला टेकलेली एक बाई हात शेकत बसली होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, दोन्ही मनगटं पट्ट्यात. तिनेच मला ओळखलं. "मॅडम, तुम्ही!" आमच्या ऑफिसातली ती मुलगी आता खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. मला इतका आनंद झाला की मी तिच्या मुलांची, घराची, सगळी चौकशी केली. मग हाताला काय झालं, असं विचारलं.

उत्तर फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलं. "या कीबोर्ड हातोडीने ठोकतात. शिरा सुजल्यात, बोटं आखडतात. हलक्या हाताने टाइप करा म्हणून किती सांगितलं."

"नाही होत हो," ती हसून म्हणाली. "मॅडमना माहितीये. आमच्या पहिल्या ऑफिसात माझी परीक्षा होती. सगळी अक्षरं गळाली. तेव्हा कळलं, माझ्या बोटांत जोरच नाही. मग मी भावाच्या कॉम्प्युटरवर रोज जोर लावून सराव केला. तेव्हापासून हात हलका पडतच नाही. ऑफिसात माझ्या शेजारी कोणी बसायला तयार नसतं."

फिजिओथेरपिस्ट बाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. माझी करंगळी चादरीवर उडत होती. मी म्हटलं, "तुझ्या बोटांत जोर होता. मशीन मी तसं लावलं होतं." मग तिला सगळं सांगितलं. पुस्तक, घड्याळ, माझा हात. तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"मला मुद्दाम पाडायला?"

"नाही. माझ्यासाठी लावलं होतं. बंद करायचं राहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"खुर्ची गेली असती."

ती हाताखालची शेकायची पिशवी उगाच सरळ करत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी जाताना आपण बसमध्ये शेजारी बसलो होतो. मी स्वारगेटपर्यंत रडत होते."

"हो," मी म्हटलं. "तुझं तिकीट मी काढलं होतं."