हरणाला तारीखच नाही?

कायद्यानं ठरवलेल्या तारखेवर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस उभ्या न्यूझीलंडमध्ये सापडणार नाही. महाराष्ट्रात एक होता, तो आम्ही इकडे आणला. पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईतल्या सरकारी कचेरीत अधिसूचनांचे मसुदे केले. समुद्रातली मासेमारी कधी बंद, कधी सुरू, कुठल्या जंगलात कधीपासून पाऊल टाकायचं नाही, सगळं मामांच्या टेबलावर ठरायचं. निवृत्तीनंतर ते हॅमिल्टनला लेकीकडे आले आणि हाताची खाज फ्रिजवर भागवू लागले. 'या घरातील हीटर एक मे रोजी सकाळी सहा वाजता सुरू करण्यात येतील', खाली सही. एप्रिलमधल्या एका गारठलेल्या सकाळी मी गेलो तर त्यांची नात दुलई पांघरून कॉर्नफ्लेक्स खात होती. "आजोबा, इट्स फ्रीझिंग!" मामा शांतपणे म्हणाले, "लेखी हरकत दे. विचार होईल." मी हबकलोच. लोणच्याची बरणी उघडायलाही मुहूर्त नव्हे, चक्क आदेश निघायचा. मी दोन दिवस आधी एक फोड चाखली, तर आठवडाभर मी 'जावईबापू' नव्हतो, 'संबंधित इसम' होतो.

अशा माणसाच्या शेजारी ब्रायन राहावा हा योगायोगच म्हणायचा. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, सहा फुटी, हाडाचा शिकारी आणि मनानं लोणी. एका रविवारी तो दारात आला आणि कागदात गुंडाळलेलं हरणाचं मटण त्यानं प्रेमानं पुढे केलं. मामांचं घर लसूणसुद्धा चतुर्थी पाहून खाणारं. मामांची लेक दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, आता मामा आंघोळीला पळणार. पण मामांना धक्का बसला तो वेगळाच. "शिकारीचा सीझन कधी उघडला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ब्रायन हसला. "बदकांना असतो सीझन, मे महिन्यातला पहिला शनिवार. हरणांना नाही, मेट. एनी डे."

मामा मटकन खुर्चीत बसले. दुपारी त्यांनी भात चिवडला आणि पान सारलं. "जावईबापू, बदकाला तारीख, आणि एवढ्या मोठ्या जनावराला नाही? कुणीही, केव्हाही?" मी म्हटलं, "मामा, हरणं इथली नाहीत. गोऱ्यांनी बाहेरून आणली, ती माजली, झाडं खातात." "बाहेरून आलं म्हणून तारीख नाही?" आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कायदा मीच केला होता.

पुढे संसदेच्या एका समितीनं शिकारीच्या नियमांबद्दल लोकांच्या सूचना मागवल्या. इथे कुणीही सूचना पाठवू शकतो, हे ऐकून मामांना दुसरा धक्का बसला, पण हा आनंदाचा. महिनाभर खपून त्यांनी अकरा पानांचा मसुदा केला. पोटकलमं, परंतुकं, काही सोडलं नाही. चातुर्मासात शिकार पूर्ण बंद, तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू, कंसात इंग्रजी तारखा. समितीनं चक्क व्हिडिओवर पाच मिनिटं बोलायला बोलावलं. मामांनी कोट इस्त्रीला दिला. आयुष्यात एका अधिसूचनेलाही शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं, हे त्यांनी मला त्या आठवड्यात चार वेळा ऐकवलं.

आदल्या दिवशी चहाला ब्रायन आला. मामांनी अभिमानानं कागद पुढे केले. त्यानं तारखा वाचल्या, डोकं खाजवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सॉरी मेट. हा तर इथला स्प्रिंग. नोव्हेंबरात सगळ्या माद्या गाभण असतात. लगेच पिल्लं होतात. तू नेमका तेव्हाच सीझन उघडतोयस."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. पावसाळ्यात पिल्लं लहान असतात, हा तिकडचा हिशोब त्यांनी पंचांगासकट इकडे आणला होता. इथला पावसाळा, उन्हाळा, सगळंच उलटं, हे मे महिन्यात हीटर लावणाऱ्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "तारखा बदलू या ना, रात्र आहे हातात." मामांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कोट घालून ते स्क्रीनसमोर बसले. अध्यक्षबाई माओरी पद्धतीनं स्वागत करत "किया ओरा" म्हणाल्या. मामांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, माझी सूचना चुकीची आहे. मी जंगल न बघता लिहिली. कृपया ती फेटाळावी." बाईंनी त्यांचे मनापासून आभार मानले. चार मिनिटं शिल्लक होती, ती मामांनी परत केली.

डिसेंबरात ब्रायन आम्हा दोघांना डोंगरात घेऊन गेला, बंदुकीशिवाय. गमबूट आणि माकडटोपी घातलेले मामा, उन्हाळ्यात! नेच्यांच्या आडोशाला अंगावर ठिपके असलेलं एक पिल्लू निजलेलं होतं, हातभर लांबीचं. आई जवळपासच असणार. मामा श्वास रोखून, गुडघे दुखत असतानाही कितीतरी वेळ ओणवे उभे राहिले.

परतीच्या वाटेवर ते माझा हात धरून म्हणाले, "जावईबापू, पस्तीस वर्षं मी समुद्राच्या तारखा लिहिल्या. होडीत एकदाही बसलो नाही हो."

मला पटकन काहीतरी गमतीचं बोलायचं होतं, नेहमीसारखं. पण त्यांचा हात अजून माझ्या हातात होता. मी तो तसाच धरून गाडीपर्यंत आलो.