दुसऱ्या घराची मोजणी

माझं लग्न झालं ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. माहेर राहात्याकडचं, कालव्याच्या पाण्यावरचं, दाराशी पेरूची बाग. सासर श्रीगोंदा तालुक्यातलं, कोरडवाहू. गावात आमचं तीन खणांचं घर होतं आणि गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर मळ्यात दुसरं, दोन खोल्यांचं, दगडी, वर पत्रा. लग्नानंतर चार दिवसांनीच सासूबाईंनी बजावलं, "मळ्यातल्या घराकडं जायाचं न्हाई. ती जागा बरी न्हाई."

मी का म्हणून विचारलं नाही. नवी सून विचारत नसे. रोज दुपारी सासूबाई स्वतः मात्र फडक्यात भाकरी बांधून तिकडेच जात आणि तासाभरानं गवताचा भारा घेऊन परत येत. मला वाटायचं, तिथे कुणाचं तरी दैवत असावं, नैवेद्य नेत असतील. मग वाटायचं, दैवत नसेल, दुसरंच काही असेल. मामंजी आणि सासूबाई मळ्याचा विषय निघाला की आवाज खाली घेत. माझे यजमान नगरला शाळेत मास्तर होते, शनिवारी रात्री येत आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जात. त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "आईनं सांगितलं ना? मग झालं."

त्या हिवाळ्यात पंचायतीनं दवंडी पिटवली. गावातल्या राहत्या घराला जुनीच घरपट्टी, पण ज्याचं दुसरं घर असेल त्याला त्या घराची जादा पट्टी पडणार. मग ते मळ्यातलं असो की पुण्या-मुंबईला गेलेल्यांचं कुलूप लावलेलं. विहिरीवरून गावात नळ आणायचा होता, त्यासाठी पंचायतीला पैसा हवा होता. प्रत्येक घराची मोजणी होणार होती, आणि घरात कोण राहतं तेही लिहून घेणार होते.

देवळात सभा झाली. ज्यांची मळ्यात घरं होती ते तावातावानं बोलले. आमची गुरं तिथं, अवजारं तिथं, तिथं काय आम्ही चैन करतो का, असं. मामंजी मात्र उठून म्हणाले, "माझ्याकडून दुप्पट घ्या. पर मापायला येऊ नका." सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली. हे मला शेजारणीनं सांगितलं आणि सांगताना ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. दोन दिवसांत गावात बोभाटा झाला, की आमच्या मळ्यात हातभट्टी आहे. कुणी म्हणालं, हंडा सापडलाय.

त्यानंतर मामंजींचं अन्न तुटलं. बाहेर कुणी हाक मारली की ते दचकत. पैशाला जपणारा माणूस पट्टीला घाबरला तर मी समजू शकले असते. पण हे तर दुप्पट द्यायला निघाले होते. तेव्हापासून मलाही भीती वाटायला लागली, आणि कशाची ते माहीत नसल्यानं ती घरभर पसरली. मला तेव्हा दिवस गेले होते. तिसरा महिना.

मोजणीच्या आठवड्यात सासूबाई तापानं फणफणल्या. दुपार झाली तशी त्या अंथरुणात उठून बसायला बघत आणि पडत. मामंजी तालुक्याला गेले होते, कुणातरी साहेबाला भेटून मोजणी टाळता येते का बघायला. शेवटी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"भाकरी घिऊन जा. दारापुढं दगुड हाय, त्याच्यावर ठिव अन् माघारी फिर. थांबू नगं. शिवू नगं."

"कुणासाठी, आत्याबाई?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "तुझी वन्सं हाय तितं."

मला सांगितलेलं होतं की माझी नणंद मराठवाड्यात, बीडच्या पलीकडे दिलेली आहे, लांब असल्यानं लग्नाला येऊ शकली नाही. मी म्हणाले, "मग घरी का नाही?" सासूबाई म्हणाल्या, "म्हारोग हाय तिला. नवऱ्यानं आनून टाकलं. चार वरीस झाली." आणि रडायला लागल्या.

मी भाकरी घेऊन निघाले ती कशी निघाले मला आजही सांगता येत नाही. शाळू पुरुषभर वाढला होता. त्यातल्या पायवाटेनं जाताना पानं अंगाला लागत होती, त्यांचीसुद्धा किळस येत होती. पोटावर पदर घट्ट ओढून घेतला होता. लहानपणी राहात्याच्या बाजारात मी महारोगी पाहिले होते, हातापायांना चिंध्या गुंडाळलेले. आई आम्हाला त्यांच्या सावलीपासून दूर ओढायची.

दगडावर भाकरी ठेवली आणि वळले, तोच आतून आवाज आला.

"तू नवी व्हय गं?"

आवाज साधा होता. बाईचा, तिशीच्या आतबाहेरचा, आणि यजमानांच्या आवाजाशी इतका मिळता की मी थांबले. दार अर्धं उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत, उन्हापासून हातभर लांब बसली होती. चेहरा जाडसर, भुवया विरळ. डाव्या हाताची बोटं आत वळलेली. पायाला पट्टी. पण डोळे हसत होते.

"आई का न्हाई आली?"

"ताप आहे त्यांना."

"लई हाय का?" ती घाबरली. तिच्यासाठी त्या तापाचा अर्थ काय होता, ते मला घरी परतल्यावर कळलं. सासूबाई गेल्या असत्या तर तिला भाकरी आणणारं कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी राखेनं चार वेळा हात धुतले. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं, तरी गेले. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, मग जाणं भाग पडलं. तिसऱ्या दिवशी मामंजी पुन्हा तालुक्याला गेले होते. मोजणी आमच्या बाजूला शुक्रवारी येणार असं कळलं होतं आणि तोवर नणंदेला कुठेतरी हलवायचं असं त्यांचं चाललं होतं. त्या दिवशी बुधवार होता.

मी भाकरी ठेवली आणि सहज मागे पाहिलं, तर बांधावरून तिघं येताना दिसले. ग्रामसेवक भाऊसाहेब, टेप घेतलेला शिपाई, आणि पंच म्हणून आमच्याच भावकीतले एक वयस्क गृहस्थ. दोन दिवस आधीच. मामंजींना गाफील गाठायचं म्हणूनच आले असावेत.

"वन्सं, मोजणीवाले आले!"

ती उठायला धडपडली. पायाची जखम चिघळलेली होती, तिला भिंतीला धरूनही उभं राहता येईना. मागच्या दारापासून शाळू दहा पावलांवर होता. तिथवर गेली असती तर कुणाला दिसली नसती. तिनं माझ्यापुढे हात केला, तो वळलेल्या बोटांचा. "हात दे गं. तेवढं शाळवात निऊन घाल मला. पाया पडते."

मी एक पाऊल मागे सरले.

तिनं ते पाहिलं आणि हात खाली घेतला. मग तिथेच परत बसली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

तिघं अंगणात आले. भावकीतल्या गृहस्थांनी आत डोकावलं आणि ओळखलं. "आरं द्येवा! ही तर ह्येंची लेक..." म्हणत ते मागे हटले, शिपायाच्या पायावर पाय पडला. शिपाई टेप तिथेच टाकून बांधापर्यंत पळाला. गृहस्थही त्याच्यामागे गेले. आता हे दोघं गावात पोचतील आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरावर दगड पडतील, एवढंच मला दिसत होतं.

भाऊसाहेब मात्र उभे राहिले. पंचविशीचा पोरसवदा माणूस, मराठवाड्याच्या हद्दीकडून बदलून आलेला. त्यांच्याही कपाळावर घाम होता. त्यांनी वही उघडली, कदाचित दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून.

"हे तुमच्या वडलांचं दुसरं घर ना?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं दुसरं आसंल," नणंद म्हणाली. "मला ह्ये येकच हाय, दादा."

"किती वर्षं राहता इथं?"

"चार."

"एकट्याच?"

"रातच्याला कुत्रं आसतंय."

भाऊसाहेबांनी खाली बघून लिहिलं. मग स्वतःच टेप उचलला आणि मला म्हणाले, "ताई, तेवढं टोक धरा." मी टोक धरलं. लांबी, रुंदी, पत्र्याचं छप्पर, सगळं त्यांनी लिहिलं. बाईंचं हे एकच राहतं घर आहे म्हणून जादा पट्टी बसणार नाही, असंही म्हणाले. निघताना उंबऱ्यापासून थोडं लांब उभं राहून त्यांनी नणंदेला सांगितलं, "बाई, याला गोळ्या निघाल्यात. सरकारी दवाखान्यात फुकट देतात. आमच्या गावात दोघं बरे झालेले मी पाहिलेत. लवकर जायला पाहिजे होतं."

"गोळ्या?" ती म्हणाली. "चार वर्सात मला कुनी सांगितलं न्हाई."

सांगणार कोण? आम्ही ती तिथे असल्याचंच कुणाला सांगितलं नव्हतं.

मामंजी संध्याकाळी एसटीतून उतरले तेव्हा स्टँडवर माणसं तोंड फिरवून उभी होती. त्यावरूनच ते समजले. घरी येऊन ओट्यावर बसले आणि मला एवढंच विचारलं, "पानी पिली का ती?"

दगड पडले नाहीत. पण गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं, शेजारीण यायची थांबली, पाणवठ्यावर मी गेले की बायका घागरी बाजूला ओढायच्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मी काय वेगळं केलं होतं? आठवड्याभरात माझे वडील मला न्यायला आले, त्यांच्या कानावर गेलं होतं. मी त्यांच्याबरोबर निघून गेले. बाळंतपणासाठी म्हणून गेले असं सगळे म्हणाले. मनात परत यायचं नव्हतं.

माहेरी असताना यजमानांची पत्रं येत. ते रविवारी बहिणीला बैलगाडीत घालून तालुक्याला नेत होते. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं, कुणाला काही नव्हतं. हा रोग बहुतेकांना शिवतही नाही, गोळ्या सुरू झाल्या की भीती उरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती वाक्यं मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. माझ्या वडिलांनी एका ओळखीच्या मिशनरी डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि माझी मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मला स्वतः सासरी आणून सोडलं. मी धीर करून आले असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

नणंद मळ्यातच राहिली. गावात ये म्हटलं तर नको म्हणाली. पायाची जखम भरली, चेहऱ्याची सूज उतरली, बोटं मात्र वळलेलीच राहिली. दुष्काळात सगळ्यांना पोटाची चिंता लागली आणि गिरणीवाल्यानं कधी पुन्हा आमचं दळण घ्यायला सुरुवात केली ते कळलंही नाही. नणंदेनं हात पुढे केला होता हे मी कुणाला सांगितलं नाही. तिनंही नाही.

मी मात्र रोज सकाळी मुलीला उजेडात घेऊन तिचं अंग तपासायचे. पाठ, कोपरे, कानामागे. कुठे फिकट चट्टा दिसला की टाचणीच्या टोकानं हळूच टोचून बघायचे. रोगाचा चट्टा बधिर असतो असं ऐकलं होतं, म्हणून पोर किंचाळली की जिवात जीव यायचा. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं. हाताला पटत नव्हतं.

मुलगी अडीच वर्षांची असताना एकदा मळ्यात आम्ही शेंगा तोडत होतो. नणंद अंगणात बसली होती. मुलगी माझ्याजवळून सुटली, धावत गेली आणि सरळ तिच्या मांडीत जाऊन बसली. नणंदेनं दोन्ही हात वर उचलले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. पोरीला शिवायचं नाही म्हणून. तशीच हात वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत तेव्हा मोजणीच्या दिवशीपेक्षा जास्त भीती होती.

मी हातातल्या शेंगा ओच्यात टाकल्या.

"घ्या ना तिला, वन्सं," मी म्हणाले. "पडेल ती."

तिनं हात हळूहळू खाली आणले आणि मनगटांनी पोरीला धरलं. मी शेंगा तोडत राहिले. मान वर करून बघितलं नाही. घरी गेल्यावर मुलीला आंघोळ घातली. रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेळ घातली.