माहेरून आलेले डोळे

आमच्या घरात मुलाची उंची सासऱ्यांची, नाक सासऱ्यांचं, गणितही सासऱ्यांचंच. तो माझ्या पोटी जन्मला, हे कुणाला आठवायचंच नाही. आठवलं ते तो रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास झाला तेव्हा.

सासरे इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. नातवाने त्याच नोकरीची लेखी परीक्षा पास केली तेव्हा अख्ख्या चौबे कॉलोनीत पेढे गेले. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, आणि त्यातले बरेचसे आकडे त्याला दिसेनात. लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, जन्मतःच आहे, मुलाकडे हे आईकडून येतं, असं डॉक्टर म्हणाले. इंजिन मिळणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिग्नलचा रंग न ओळखणाऱ्याच्या गाडीत मीसुद्धा बसणार नाही.

पण सासरे रिक्षातच सुरू झाले. "सूनबाई, आमच्या घराण्यात असं कोणालेच नव्हतं. हे तुझ्या माहेरचं आहे. अन् लहानपणी तर सगळे सिग्नल बरोबर सांगे हा पोट्टा."

"दादाजी, नीचे वाला लाल होता है, इतना याद कर लिया था," मुलगा म्हणाला. आमची पोरं इथल्या शाळेत शिकलेली, हिंदीच बोलतात.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीला बघायला नागपूरची मंडळी यायची होती. सासऱ्यांनी मुलाला सांगितलं, दिवसभर भनपुरीला मित्राकडे जा. काहून, तर बोलता बोलता विषय निघेल. जसा काही पोरगा चोरी करून आला होता! तो मुकाट्याने गेला, याचा मला जास्त संताप आला.

पाहुण्यांनी विचारलं, तुमचा मुलगा काय करतो? सासरे म्हणाले, "तयारी करून राहिला." माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, मुलीकडूनही हे पुढे तिच्या मुलात जाऊ शकतं, हेसुद्धा. त्यात मोठेपणा काही नव्हता, निव्वळ राग होता. नवऱ्या मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. कळवतो म्हणाले, कळवलं नाही.

सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. मुलीचं नुकसान केलं या विचाराने मीही खचले होते. शेवटी तिची माफी मागितली.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "छोड़ ना आई. मेरा बेटा ऐसा हुआ, तो उस घर में मेहमान आने पर मैं उसे किधर भेजती?"