बाईंचं राखून ठेवलेलं आमेन

प्रार्थना करता करता बाई मध्येच उजवा हात वर करायच्या. डोळे मिटलेले, डोक्यावरून पदर आणि रस्त्यात एस.टी. थांबवावी तसा पंजा उभा. अर्थ एवढाच, की कोणी घाईने ‘आमेन’ म्हणून मोकळं होऊ नये. ‘‘थांबा जरा,’’ त्या म्हणायच्या, ‘‘माझं अजून चालू हाय.’’

आमच्या खालच्या वस्तीत ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी आम्ही बौद्ध. बाई गावची बालवाडी चालवायच्या, मी शाळेत मास्तर. सकाळी त्या ‘‘जय ख्रिस्त, गुरुजी’’ म्हणत, मी ‘‘जय भीम, बाई’’ म्हणे आणि दोघंही आपापलं खरं करून कामाला लागत असू. देवाचं आणि माझं पहिल्यापासून जमत नाही. मी चिडवायचो, ‘‘बाई, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का? रोज तेच तेच सांगता.’’

‘‘त्येला येतंय हो ऐकू. मलाच त्याचं ऐकायला टाइम लागून राहिलाय,’’ असं म्हणून त्या हसत.

बाईंचा एक स्वतःचाच नियम होता. मागितलेलं हाती पडेपर्यंत त्या त्या प्रार्थनेला आमेन म्हणत नसत. शास्त्रात असं काही नाही, हे चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना कितीदा तरी समजावून सांगितलं. बाई आदराने मान डोलवत आणि आमेन राखूनच ठेवत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि त्यातच दुष्काळ. अहमदपूरच्या बाजूचं आमचं गाव, विहिरींचा तळ दिसत होता. बोअरची गाडी येणार असं कळलं तेव्हापासून बाईंनी पाण्यासाठी मागणं लावलं. गाडी आली. आमच्या वस्तीत खोदलं तर नुसता फुफाटा उडाला. वरच्या गल्लीत, पाटलांच्या दारासमोर मात्र पाणी लागलं. सगळं गाव तिथे धावलं. पाळकसाहेब उदगीरहून आलेले होते. त्यांनी तिथल्या तिथे देवाचे आभार मानले आणि खणखणीत आमेन म्हटलं.

बाईंचा पंजा वर गेला. ‘‘पाळकसाहेब, घाई झाली. पाणी लागलं, पण घागर कुटं भरली?’’

बाईंचं बरोबर निघालं. हापसा बसला, पण आमच्या बायकांना त्याच्या दांड्याला हात लावू देईनात. हापसा सरकारी, दुष्काळ सगळ्यांचा, पण पाटलीणबाई ओट्यावर बसून राखण करायच्या. ‘‘आधी आमचं होऊ द्या,’’ म्हणायच्या, आणि त्यांचं कधी व्हायचंच नाही.

मी तडक लातूर गाठलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत अजून कपाटं लावणं चाललं होतं, तरी मी अर्ज देऊनच आलो. जीप आली, साहेबाने समोर उभं राहून आमच्या घागरी भरून घेतल्या. जीप गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी दुसरा अर्ज लिहायला बसलो. बाईंनी रिकामी घागर उचलली आणि हापशापासून चार हात बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

रोज सकाळी उभ्या राहायच्या, बालवाडी सुटली की पुन्हा. मोठ्याने प्रार्थना करायच्या, आणि तीही पाण्याची नव्हे. वरच्या गल्लीची पोरं त्यांच्याच बालवाडीत, त्यामुळे घराघरातलं त्यांना ठाऊक. ‘‘प्रभू, ह्या गंगूबाईची कंबर लई दुखून राहिलीया. तिला हापसायला ताकद दे.’’ पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हळूहळू त्यांचं हसू बंद झालं.

‘‘आमच्या दारात आमची नावं घेऊ नका, बाई,’’ पाटलीणबाई ओट्यावरून ओरडल्या.

‘‘तक्रार न्हाई करून राहिले, पाटलीणबाई. तुमच्यासाठीच मागून राहिले.’’

इकडे आमच्या बायका नदीच्या पात्रात झिरे उकरून वाटी वाटीने पाणी भरत होत्या आणि बाईंच्या नावाने बोटं मोडत होत्या. मीही वैतागलो. ‘‘बाई, उभं राहून पाणी मिळत नसतं. माझ्यासंगं लातूरला चला.’’

‘‘तुम्ही जावा, गुरुजी. दोघं दोन बाजूंनी लावून धरू,’’ त्या म्हणाल्या. मी निमूटपणे एस.टी. पकडली.

एका दुपारी शाळेतून येताना मी पाहिलं. बाई उन्हात झोक जाऊन खाली बसल्या होत्या. ओठ फुटलेले. पाटलीणबाई लगबगीने ओट्यावरून उतरल्या आणि स्वतः दांडा धरून म्हणाल्या, ‘‘लावा घागर. भरा अन् जावा घरी.’’

पाणी पडायला लागलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पदर सावरला. ‘‘मी एकली न्हाई भरणार. माझ्या मागं वस्ती हाय.’’

‘‘अवं, देऊन राहिले तेवढं तर घ्या!’’

‘‘तुमचा जीव मोठा हाय, पाटलीणबाई. पण म्या मागितलं ते एवढंच नव्हतं.’’

आणि रिकामी घागर कडेवर घेऊन बाई उतार उतरून खाली आल्या. त्या संध्याकाळी वस्तीतल्या बायका त्यांना वाट्टेल ते बोलल्या. हाती आलेलं पाणी कोणी सोडतं का, म्हणाल्या. मला मात्र गावभर सांगत सुटावंसं वाटत होतं, की ही बाई आमच्या वस्तीतली आहे. तो अभिमान माझ्या मनातून आजही उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्याही दुसऱ्या दिवशी.

मग एका सकाळी पाटलीणबाई उतार उतरून वस्तीच्या तोंडाशी आल्या. जन्मात कधी त्या इकडे आल्या नव्हत्या. ‘‘बोलवा समद्यांना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं ते उभं राहणं बघून मला घास उतरंना झालाय.’’

वस्तीतल्या सगळ्या घागरी भरल्या. बाईंनी आपली शेवटी लावली. ती काठोकाठ भरल्यावर त्यांनी असं आमेन म्हटलं, की पाटलांच्या लिंबावरचे कावळे उडाले. माझ्या दुसऱ्या अर्जाची चौकशी करायला साहेब आला, तेव्हा दाखवायला तक्रारच उरली नव्हती. बाई मला म्हणाल्या, ‘‘तुमचा बी हात हाय ह्याच्यात, गुरुजी.’’ मी तेवढ्यावर खूश झालो, खोटं कशाला बोलू?

आता गावात नळ आहेत. बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मातीला सगळं गाव आलं होतं. पाळकसाहेब नवे, तरुण होते. त्यांनी नीट प्रार्थना केली, आमेन म्हटलं, लोक पांगायला लागले. तेवढ्यात पाटलीणबाई आल्या. पार वाकलेल्या, पण कडेवर त्याच हापशाच्या पाण्याने भरलेली घागर. कोणाला हात लावू देत नव्हत्या.

‘‘प्रार्थना झाली, आजी,’’ पाळकसाहेब हळूच म्हणाले.

पाटलीणबाईंनी घागर मातीपाशी टेकवली, डोक्यावर पदर घेतला आणि उजवा हात वर केला.

‘‘थांबा जरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझं अजून चालू हाय.’’

आम्ही सगळे थांबलो.