आत्याला हलवायचंय

माझी आत्या नदीकाठच्या भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल लावायची. नदी आपली म्हणायची. आत राडारोडा, फुटके कमोड, आणि वास असा की गिऱ्हाईक कपडे टाकून नाक दाबून पळायचं. आत्याला मात्र त्या जागेशिवाय करमायचं नाही. नवरा गेल्यावर गप्प झालेली बाई तिथेच येणाऱ्याजाणाऱ्यांशी पुन्हा बोलायला लागली, म्हणून मीही त्या वासाला कधी नावं ठेवली नाहीत.

मग ती मंडळी आली. रंगाने माखलेली एक चित्रकार पोरगी आणि तिचा कॉम्प्युटरवाला जोडीदार. सगळ्या वस्तीला हाताशी धरून त्यांनी राडारोडा उपसला, भिंत रंगवली, पाणी घाण झालं की लाल होणारे दिवे लावले. दिवे सदा लालच, त्यामुळे दिवे बिघडलेत की नदी, हेच कुणाला कळेना. भिंतीवर टेबलामागे उभी आत्याही काढली. अगदी हुबेहूब, फक्त हसरी.

एका संध्याकाळी पोरगी जाता जाता म्हणाली, "आत्या, उद्घाटनाच्या आधी तुम्हाला हलवायचंय हं."

"बरं," आत्या म्हणाली. पुढे एक अक्षर विचारेल तर शपथ. घरी येऊन मला म्हणते, "कुणी उठवायच्या आत आपणच उठलेलं बरं."

मी म्हटलं, अगं, का, कुठे, विचार तरी. पण आमच्या घराण्यात मान आधी आणि अक्कल मागून. सकाळीच आम्ही टेबल उचलून बाजारामागच्या बोळात नेलं. तिथे ना ऊन, ना ओळखीचं माणूस. कपड्यांची ओल जाईना आणि आत्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

उद्घाटनाला मी भांडायच्या तयारीनेच गेले, आत्याला ओढत घेऊन. भिंतीसमोर जो तो मोबाइल धरून उभा. मीही धरला. मोबाइलमध्ये भिंतीवरच्या आत्याचा हात हलायला लागला, इस्त्री फिरली, वाफ निघाली. चित्र मोबाइलमधून बघितलं की हलतं, अशी त्या कॉम्प्युटरवाल्याची करामत.

"हे हलवायचं होतं तुला?" मी पोरीला विचारलं.

"मग दुसरं काय?" ती गोंधळली. "तुम्ही एकदम दिसेनाशाच झालात. शेजारी म्हणाले, आपण होऊन गेल्या. आम्हाला वाटलं, कंटाळल्या असतील."

टेबलाच्या जागी आता सिमेंटचा बाक होता, जमिनीत पक्का बसवलेला. सगळं लक्षात आलं तशी पोरगी रडायलाच लागली. आता हिच्यावर ओरडू, आत्यावर ओरडू, की स्वतःचंच थोबाड फोडून घेऊ? जन्मभर जी भाषा बोललो, तिच्यातल्या एवढ्याशा शब्दाने आम्हाला उठवलं होतं. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

आत्या बाकावर बसली. माझा मोबाइल दोन्ही हातांत धरून भिंतीवरच्या आत्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पोरीला तिने हळूच विचारलं, "हिला तरी इथून उठवणार नाही ना?"